घामाची गोष्ट

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होतो. एक तर यात घरातली माणसं आहेत, आणि दुसरं म्हणजे जीवशास्त्र हा आपला प्रांत नव्हे. बारावीला गणित घेऊन बायॉलॉजीला जो रामराम ठोकला तो ठोकलाच. पण गेल्या डिसेंबरपासून दर वीकान्ताला मी एकाच प्रथिनाबद्दल वाचत बसलोय. बायको म्हणते, एवढा अभ्यास कॉलेजात केला असतास तर... असो.

सुरुवात जळगावपासून करतो. मे महिन्यात आम्ही मावशीकडे जायचो. जळगावचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. ४४-४५ डिग्री, डांबर चिकटतंय, कुत्रीसुद्धा गटारात पाय घालून बसलेली. तिथं माझा मावसभाऊ होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. दादाला दात मोजून सात, तेही सुळ्यासारखे टोकदार. डोक्यावर पिवळसर विरळ जावळ, भुवया जवळजवळ नाहीतच. आणि दादाला घाम यायचा नाही. कधीच नाही. मावशी दर तासाला त्याच्या डोक्यावर तांब्या ओतायची, आणि तो शाळेत जाताना दप्तरात एक ओला टॉवेल असायचा. लोक म्हणायचे, अंगात उष्णता आहे, सब्जा द्या, गुलकंद द्या. सब्जा तर त्यानं एवढा खाल्ला असेल की विचारू नका.

१९८६ चा मे. मी नऊ वर्षांचा, तो अकरा. दुपारी चारला मैदानात क्रिकेट. दादा लाँगऑनला उभा. मधेच तो म्हणाला, नळावर जाऊन येतो. मी बोलिंग करत होतो आणि शेवटच्या ओव्हरचे तीन बॉल राहिले होते. मी ओरडलो, "नाटकं करू नकोस, ओव्हर संपू दे." तो थांबला. तिसऱ्या बॉलला बॅट्समननं फटका मारला, बॉल दादाच्या पायाजवळून गेला आणि दादा हललाच नाही. मग तो खाली बसला आणि आडवा झाला. अंगाला हात लावला तर तवा. आम्ही पोरांनी त्याला उचलून हौदात घातलं, दुसरं काही सुचलंच नाही. तेच बरोबर होतं हे नंतर कळलं.

मावशी मला एक शब्द बोलली नाही. रात्री आईनं सांगितलं की दादाच्या आधी मावशीला एक मुलगा झाला होता. सात महिन्यांचा असताना असाच उन्हाळ्यात तापानं गेला. औषधं झाली, दृष्ट काढून झाली, आणि शेवटी सासरी बोल लागला तो मावशीलाच. त्या ओव्हरबद्दल मी दादाशी पुढची अडतीस वर्षं काही बोललो नाही.

आता गेल्या डिसेंबरकडे येतो. भाचीचा फोन आला. ताईची मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली, तेव्हा चौदावा आठवडा चालू होता. म्हणाली, "मामा, तुला जळगावच्या मामाला काय आहे ते नक्की माहितीय का? दाताच्या डॉक्टरांनी विचारलंय." तिचे वरचे दोन दात कधी आलेच नाहीत. ताईचाही एक दात बारका आणि टोकदार आहे, तिला आम्ही लहानपणी ड्रॅक्युला म्हणायचो. आईचे जुने दात कसे होते ते आता कवळीमुळं कुणालाच आठवत नाही. त्या दातवाल्या डॉक्टरांना मी मनोमन नमस्कार केला, कारण तोवर आमच्या घरात कुणीही या तिघींचे दात आणि दादाचे दात एका ओळीत मांडले नव्हते.

तर दादाला जे आहे त्याचं नाव हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. यापुढे एचईडी म्हणतो. नाव लांबलचक असलं तरी त्याची नोंद बरीच जुनी आहे, आणि ती थेट डार्विनच्या पुस्तकात आहे. पाळीव प्राणी आणि लागवडीखालच्या वनस्पतींमधल्या बदलांवर त्याचा जाडजूड ग्रंथ आहे. त्याच्या १८७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत येते, वेडरबर्न नावाच्या गृहस्थानं कळवलेली. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की दोन्ही जबडे मिळून पुढचे चार बारके दात आणि मागच्या आठ दाढा, बस्स. अंगावर केस जवळपास नाहीत, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीनं जीव नकोसा. मुलींना हे कधी होत नाही, पण त्यांच्या मुलांना होतं, आणि बापाकडून मुलाला कधीच जात नाही, हेही डार्विननं नोंदवलंय. गुणसूत्र हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता, तरी एक्स गुणसूत्रावरच्या आजाराचं वर्णन चोख आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे त्या अर्थानं ही आपल्याच सरकारी हद्दीतली केस! पुढे १९२१ मध्ये थडानी यांनी 'जर्नल ऑफ हेरेडिटी'त सिंधमधल्या अशाच दात नसलेल्या माणसांवर लेख लिहिला.

जनुक सापडलं १९९६ मध्ये. नाव ईडीए. पहिल्यांदा त्याचा तोकडाच तुकडा हाती लागला होता, पूर्ण लांबीचं प्रथिन नंतर कळलं: ३९१ अमिनो आम्लांची साखळी. ते काय करतं हे मी माझ्या भाषेत सांगतो, जीवशास्त्रवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

ईडीए म्हणजे एक निरोप आहे. गर्भाच्या वरच्या कातडीतल्या पेशी तो तयार करतात, तो आधी पेशीच्या पृष्ठभागावर खुंटीसारखा रोवलेला असतो, मग एक एन्झाइम त्याला ठरावीक जागी कापतं आणि टोक सुटं होतं. अशी तीन टोकं एकत्र बांधली गेली की निरोप पुरा. काही रुग्णांमध्ये चूक नेमकी त्या कापायच्या जागेवर असते, म्हणजे पत्र लिहून तयार, पण पाकीट वहीला चिकटलेलंच. हा निरोप ज्या पेशींनी ऐकायचा त्यांच्या पृष्ठभागावर एक रिसेप्टर असतो, ईडीएआर. तो १९९९ मध्ये सापडला. निरोप रिसेप्टरला जाऊन बसला की आतमध्ये घंटा वाजते आणि त्या पेशी केस, दात किंवा घर्मग्रंथी व्हायच्या कामाला लागतात. किल्ली किती नेमकी बसते पहा: याच प्रथिनाचं दुसरं रूप फक्त दोन अमिनो आम्लांनी लहान आहे, आणि तेवढ्यानं ते या रिसेप्टरला बसतच नाही, वेगळ्याच रिसेप्टरला जाऊन बसतं. सेमिकोलन राहिला म्हणून रात्र घालवलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

गंमत म्हणजे उंदराच्या कातडीत निरोप पाठवणाऱ्या पेशी सगळीकडे पसरलेल्या असतात, पण रिसेप्टर हळूहळू छोट्या छोट्या पुंजक्यांत गोळा होतो. जिथं पुंजका, तिथं केस. आकाशवाणी सगळ्या गावासाठी, रेडिओ मात्र मोजक्या घरांत.

उंदरांची हकीकत तर आणखी जुनी. डग्लस फाल्कनर यांनी १९५२ मध्ये 'टॅबी' नावाचा उंदीर वर्णन केला: कानामागं टक्कल, शेपटी उघडी, घाम नाही. (उंदराला घाम फक्त तळपायाला येतो, हे मला पन्नाशीला टेकताना कळलं.) टॅबीच्या माद्यांच्या अंगावर पट्टे असतात, कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी एक्स बंद होण्याची ही कल्पना मांडली, तेव्हा पुरावा म्हणून घेतलेल्या उंदरांत टॅबीही होता. माणसातही तेच. अशा वाहक बाईच्या पाठीला आयोडीन आणि स्टार्च लावला तर घाम येतो तिथं काळे पट्टे उठतात आणि मधले भाग कोरे राहतात. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणूनच माझं ब्लाउज एकाच बाजूला भिजतं की काय!" तिला काहीही गंभीरपणे घेता येत नाही. किंवा येतं, म्हणून ती असं बोलते.

पण मला रात्री दोनपर्यंत जागवलं ते माशांनी. जपानमध्ये मेडाका नावाचा बोटभर मासा असतो. त्याची एक जात जवळपास बिनखवल्यांची निघाली, आणि २००१ मध्ये कळलं की बिघाड ईडीएआरमध्ये आहे. दादाच्या घामाच्या नळाचा जो रिसेप्टर, तोच माशाच्या खवल्याचा! मग स्टिकलबॅक. समुद्रातल्या या माशाच्या दोन्ही कुशींवर तीस-तीसहून जास्त हाडाच्या चकत्या असतात, चिलखतासारख्या. हिमयुग सरल्यावर तो जागोजागी गोड्या पाण्यात शिरला आणि तिथं पुन्हा पुन्हा त्याचं चिलखत उतरलं. २००५ मध्ये डेव्हिड किंग्सली यांच्या स्टॅनफर्डच्या गटानं दाखवलं की यामागं ईडीए जनुकातले फरक आहेत. खात्री करायला त्यांनी कमी चकत्यांच्या माशात उंदराचं ईडीए घातलं. आणि माशाला जादा चकत्या आल्या.

उंदराचं पत्र माशाला वाचता आलं. या दोघांचा सामाईक पूर्वज चाळीस कोटी वर्षांहून मागं आहे. मी ज्या कंपनीत काम करतो तिथं तीन वर्षांपूर्वीचा इंटरफेस आज चालत नाही, आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांना ईमेल पाठवतो. इथं निरोपाचा जो भाग रिसेप्टरला बसतो, तो उंदरात आणि माणसात तर जवळजवळ अक्षर न अक्षर सारखा आहे. उलट निरोप ऐकून काय बनवायचं हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलंय: माशानं खवला, उंदरानं मिशी, आपण घाम. मला वाटतं आम्ही प्रोग्रामर मंडळी हे चटकन समजू शकतो. ज्याच्यावर शंभर गोष्टी अवलंबून आहेत त्या फाइलला कुणी हात लावत नाही. लावला तर एकाच वेळी दात, केस आणि घाम तिन्ही कोसळतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही की या तिघांचा संबंध काय.

बरं, निरोपच हरवलाय तर बाहेरून पाठवता येईल का? २००३ मध्ये लोझानमधल्या ऑलिव्हिए गेद आणि पास्काल श्नायडर यांनी नेमकं हेच केलं. ईडीएचा कामाचा भाग घेतला, त्याला अँटिबॉडीची शेपटी जोडली म्हणजे वार ओलांडून बाळापर्यंत जाईल, आणि गाभण टॅबी उंदरिणीला टोचला. पिल्लांना केस आले, तळपायाला घाम आला, आणि तो आयुष्यभर टिकला. पुन्हा इंजेक्शन नाही. निरोप एकदाच लागतो.

एकदाच, पण वेळेवर. ही अट मला फार उशिरा उमगली. कुत्र्यांमध्येही हा आजार आहे. २००७ मध्ये जन्मलेल्या पिल्लांना औषध दिलं तर त्यांचे पक्के दात चांगले आले आणि घामही आला, कारण पिल्लाची बरीच घडण जन्मानंतर होते. तोच प्रयोग माणसाच्या नवजात मुलांवर केला तेव्हा घाम आला नाही. माणसाच्या घर्मग्रंथी साधारण विसाव्या ते तिसाव्या आठवड्यात घडतात, पोटातच. त्यानंतर पत्र कितीही शुद्ध असलं तरी पुंजके पांगलेले असतात.

मग एका जर्मन आईची गोष्ट वाचली. तिच्या पहिल्या मुलाला एचईडी, आणि आता पोटात जुळे मुलगे, दोघांनाही तेच. जर्मनीत एर्लांगनच्या विद्यापीठ रुग्णालयात होल्म श्नायडर यांनी (लोझानच्या पास्कालांचे आडनावबंधू) सव्विसाव्या आणि एकतिसाव्या आठवड्यात गर्भजलात ते प्रथिन सोडलं. बाळं गर्भजल गिळतात, आतडं ती अँटिबॉडीची शेपटी ओळखून आत घेतं. दुसऱ्या एका बाईला हाच डोस एकदा दिला. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये तिन्ही मुलांची हकीकत छापून आली. तिघांनाही नीट घाम येत होता. त्यानंतर काही देशांत मिळून मोठी चाचणी सुरू झाली.

म्हणजे चौदाव्या आठवड्यात आलेला फोन हा खरोखर घड्याळ लावून आलेला फोन होता.

जनुकतज्ज्ञ बाई म्हणाल्या, भाचीची तपासणी करू, पण आधी घरात नेमकी चूक कुठं आहे ते कळलं तर उत्तर लवकर आणि पक्कं मिळेल. त्यासाठी ज्याला आजार आहे त्याचं रक्त हवं. म्हणजे दादाचं. ताई म्हणाली, तू जा. आई काही बोलली नाही. मीच का, हे मी विचारलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी जळगावला गेलो. दादाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, एसी लावलेलं. बाजूचे दुकानदार त्याला शेठ म्हणतात ते त्या एसीमुळं. मावशी २०११ ला गेली. दादानं लग्न केलं नाही. कवळी लावतो, डोक्यावर टोपी. मला बघून म्हणाला, "काय भो, वाट चुकला का? हिवाळ्यात आला ते बरं केलं. हिवाळ्यात मी राजा असतो."

मी सगळं सांगितलं. निरोप, रिसेप्टर, मासे. तो दोन आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत काढत ऐकत होता. माशांवर हसला. मग म्हणाला, "म्हणजे आईचा दोष नव्हता."

मी म्हटलं, आईकडून आलं, पण दोष कुणाचाच नाही. एका अक्षराची चूक.

"तेच म्हणतो मी. दृष्ट नव्हती, पथ्य चुकलं नव्हतं. हे तिला कुणी सांगितलं असतं तर." आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

बाही वर करून त्यानं रक्त दिलं, दुकानातच, लॅबचा मुलगा आला होता. मी तेव्हा बोललो. ओव्हरबद्दल. म्हटलं, तीन बॉल राहिले होते म्हणून तुला थांबवलं. त्यानं कापूस दाबून धरला होता. म्हणाला, "तीन नाही, चार. एक नो बॉल टाकला होतास तू."

दादाच्या रिपोर्टला तीन आठवडे लागले. ईडीएमध्ये एक अक्षर बदललेलं. मग भाचीचं, एका ठिकाणी फक्त ते अक्षर बघायचं. ती वाहक निघाली. म्हणजे ताईसुद्धा. म्हणजे आईसुद्धा. हे वाचताना मी ऑफिसात होतो आणि पाच मिनिटं स्क्रीनकडं बघत बसलो, कारण त्याचा सरळ अर्थ असा की आईच्या दोन एक्सपैकी मला कुठला मिळतो यावर माझंही सगळं ठरलं होतं. नाणं माझ्या बाजूनं पडलं. त्या मैदानात बोलिंग कोण करणार आणि लाँगऑनला कोण उभं राहणार, हे आमच्या जन्माआधीच ठरलं होतं.

गर्भजल काढून तपासायला भाची तयार नव्हती. थोडा का होईना धोका असतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीला त्यात वाट ठेवलीय, पण तिला मुलगा की मुलगी हे कळून घ्यायचंच नव्हतं. जनुकतज्ज्ञ बाईंनी दुसरा मार्ग सांगितला: सोनोग्राफीत जबड्यातले दातांचे कोंब दिसतात. एचईडी असलेल्या मुलात ते फारच कमी असतात. एर्लांगनवालेही आधी हेच बघतात. कोंब कमी दिसले तर पुढचं बोलू, त्या चाचणीवाल्यांना लिहू, सहा आठवडे हातात आहेत. ताईनं पासपोर्ट शोधून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

एकविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. मी बाहेर बाकड्यावर, ताई आणि जावई आत. पंचेचाळीस मिनिटं. बाळ म्हणे तोंडापुढचा हात काढेना. शेवटी ताई बाहेर आली आणि तिनं बोटं दाखवली, दोन्ही हातांची दहा. मग मुठी मिटून पुन्हा दहा.

दादाला तिथूनच फोन लावला. म्हटलं, वीसच्या वीस आहेत. पलीकडे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

"दोनदा मोजले ना?" त्यानं विचारलं.